कोरसमधला दादा

दादाचा आवाज आता आठवत नाही, असं वहिनी पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी गवार मोडत बसले होते आणि मला त्यांचा रागच आला. अख्खा जन्म ज्या माणसाबरोबर काढला त्याचा आवाज विसरायला होतो म्हणजे काय? मी तसं बोललेही. माझं तोंडच असं आहे, आधी सुटतं आणि मग मलाच ऐकू येतं. वहिनी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेहरा हाय ना ताई डोळ्यांपुढं. बोलतानाबी दिसत्यात. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं कशी तोंड हलवत्यात, तसं. आवाज तेवढा नाय येत."

मी गवार तशीच टाकून मोरीत गेले आणि उगाच घासलेली भांडी परत घासली. घासता घासता मनातल्या मनात दादाला बोलायला लावून बघितलं. मला येत होता त्याचा आवाज. अंधुक, पण येत होता. मग मला वहिनींची फार दया आली आणि दया आली म्हणून परत चिडचिड झाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकलहऱ्याच्या पॉवरहाऊसला कामाला होता आणि कामातून सुटला की गायन पार्टी. मी नवऱ्याचं घर सोडून पिशवी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यानं का, कसं, काही विचारलं नाही. वहिनींना म्हणाला, हिला मागची खोली झाडून दे. त्यांना मूलबाळ नाही, मलाही नाही. तो गेला आणि आम्ही दोघी उरलो. वहिनींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून मागच्या खोलीत त्या आणि पुढच्या खोलीत मी.

तो बटणाच्या मोबाइलवाला माणूस. त्याचा एक व्हिडिओ घरात नाही. पाहुण्यांच्या लग्नाच्या एका सीडीत तो कुणाच्या तरी पाठीमागं हसताना दिसतो, पण वरून सनई लावलेली आहे. राहता राहिली ती कॅसेट.

पार्टीची म्हणून ती एकच कॅसेट निघाली होती. जयंतीच्या महिन्यात ह्यांचे कार्यक्रम आज ह्या वस्तीत, उद्या सायखेड्याला, परवा आणखी कुठं. दादा त्यात कोरसला. गायकानं ओळ म्हणून सोडली की तिचे शेवटचे शब्द कोरसनं उचलायचे आणि ओढायचे, तेवढ्यात गायक श्वास घेतो. दादा म्हणायचा, आम्ही नसलो तर गायक दुसऱ्या कडव्याला बसेल. कॅसेटच्या कव्हरवर पुढं शाल घेतलेला गायक आणि मागं चौघं, त्यातला तिसरा मिशीवाला दादा. घरी कुणीही येवो, चहाच्या आधी कॅसेट दाखवली जायची. "ह्यात मागं मीच आहे," म्हणायचा. आमच्याकडचा टेप तर कधीच मोडीत गेला होता. कॅसेट मात्र वहिनींच्या कपाटात साड्यांच्या घडीत होती.

मी ठरवलं, वहिनींना त्यांच्या नवऱ्याचा आवाज ऐकवायचा. त्या आहेत तोवर.

आता हे मला जमेल असं मला का वाटलं, तर मी अंबडच्या कारखान्यात उभं आयुष्य सोल्डरिंग केलं. आम्ही सगळ्या बायकाच होतो त्या बाकावर. पुढं मला तपासणीला बसवलं. प्लस-मायनस असलेला एखादा पार्ट उलटा बसला की माझ्या डोळ्याला तो खुपायचा. "उलटं" हा आमच्यात शिवीसारखा शब्द होता. एखादी बाई सकाळी तोंड पाडून आली की आम्ही म्हणायचो, हिचं आज घरीच उलटं बसलंय. मग मशीन आलं, बाक गेला आणि मी जाड चष्मा घेऊन घरी आले.

कॅसेटची अवस्था बघता ती एकदा जरी नीट वाजली तरी खूप होतं. म्हणजे आधी ती कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायला हवी. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. वहिनी मागच्या खोलीत, आणि त्यांना मोबाइल जमत नाही, बोट लावतील तिथं भलतंच उघडतं. त्यांना एकच गोल बटण हवं, डावीकडं बंद, उजवीकडं मोठं. म्हणजे त्यांच्या उशाशी असा डबा पाहिजे जो वायफायवरून पुढच्या खोलीतलं गाणं आपलं आपण ओढून घेईल आणि वाजवेल. असले डबे दुकानात मिळतात, नाही असं नाही. पण त्यांना ॲप लागतं, पासवर्ड लागतो आणि आतून एक बाई इंग्रजीत बोलते. जळो मेलं ते.

शेजाऱ्यांचा होम थिएटर पावसाळ्यात विजेनं मेला होता, त्यातली ॲम्प्लिफायरची प्लेट मी काढून घेतली. बंद पडलेल्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याचाच पत्र्याचा डबा बॉडीला. विहारातल्या जुन्या साउंड बॉक्समध्ये एकच स्पीकर न फाटलेला निघाला. वायफाय पकडायला एक मोबाइल, ज्याच्या काचेचा चुरा झाला होता पण जीव होता. त्याची फुगलेली बॅटरी काढून टाकली आणि त्याला डब्यातूनच करंट दिला. स्क्रीन मेलेली, म्हणून त्याला हुकूम द्यायचे ते पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. टेपडेक भंगार बाजारातून आणला. तो आणताना भंगारवाला मला विचारतो, "मावशी, कुणासाठी?" म्हटलं, तुला काय करायचंय.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा डब्यातून नुसती म्हशीच्या गोठ्यासारखी घरघर. सगळ्या अर्थिंगच्या तारा उकलून एका ठिकाणी बांधल्या तेव्हा ती थांबली. मग कळलं, प्लेटची एक बाजू जळलेलीच आहे. डावी चालते, उजवी गेली. मी डोकं धरून बसले. पण स्पीकरही एकच होता, म्हणून डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज एकत्र करून चालणाऱ्या बाजूला दिले आणि झाकण लावलं. वहिनी रोज विचारायच्या, "झालं का ताई?" मी रोज खेकसायचे, "होईल तेव्हा सांगीन." एकेक टाका मला तीन-तीनदा मारावा लागायचा, ते त्यांना कशाला सांगू.

एका सकाळी सगळं जोडून झालं. मी पुढच्या खोलीतून गाणं सोडलं आणि पळत मागच्या खोलीत गेले. वहिनींनी बटण फिरवलं. गाण्यातली पेटी सुरू झाली. सुरेख, स्वच्छ. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला, कार्यक्रमाला बसल्यासारखा. मग जिथं गायकानं तोंड उघडायचं तिथं काहीच नाही. नुसती खरखर आणि लांब कुठंतरी विहिरीतून आल्यासारखी एक सावली. ढोलकीही नाही. आणि एकदम कोरस उठला. शेवटचे दोन शब्द, ओढून, आणि परत काही नाही.

माझ्या लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं. कानाला हेडफोन लावून कॅसेट भरत होते तेव्हाच आवाज पोकळ लागत होता, मी म्हटलं टेप जुनी आहे. त्या भंगारातल्या डेकला कुणीतरी आधी हात लावला होता आणि आवाज उचलणाऱ्या हेडच्या एका बाजूच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. दोन स्पीकर असते तर फार काही बिघडलं नसतं. पण दोन्ही बाजू एकत्र केल्या की जे दोन्हीकडं सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. गायक मधोमध असतो, म्हणजे दोन्हीकडं सारखा. ढोलकी तशीच. ते गेले. कडेला जे होतं ते उरलं, आणि कडेला पेटी होती आणि कोरस. जन्मभर उलटं शोधून काढणाऱ्या माझ्या हाताखालून हे उलटं निसटलं. मी त्या न पाहिलेल्या मिस्तरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि डबा बंद करायला हात घातला.

"थांबा ताई," वहिनी म्हणाल्या.

त्या ऐकत होत्या. कार्यक्रमात कोरस कधी धड ऐकू यायचा नाही, गायक आणि ढोलकी सगळं व्यापून टाकायचे. इथं कोरस उघडा पडला होता. तीन-चार आवाज, आणि त्यांत एक शेवटच्या अक्षराला किंचित वर उचलून मग सोडणारा. वहिनींचा हात उठला आणि त्या जागी बोट नाचलं. पुढच्या ओळीला परत. त्यापुढच्या ओळीला परत.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच ते. असंच उचलायचे. भाकर मागतानाबी असंच."

मी ऐकलं. मलाही वाटलं, हो, हाच. दादाच. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले आणि आम्ही दोघी रडलो. मेलेला माणूस घरात परत आला असं मला त्या दिवशी खरंच वाटलं, हे मी लपवत नाही.

त्यानंतर तो डबा रोज वाजायचा. तो दोष काढायला मला कॉम्प्युटरवर एक टिचकी पुरली असती, एका बाजूचा आवाज सुलटा केला की झालं. पण ते केलं की गायक येणार आणि दादा त्याच्या मागं जाणार. मी हात लावला नाही. वहिनी नीट जेवायला लागल्या. एकदा तर वेणी घालून द्या म्हणाल्या. शेजारीण डोकावून विचारायची, हे कसलं गाणं, नुसत्या शेपट्या? वहिनी म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं हाय."

मग त्यांनी टुमणं लावलं की कव्हरवरच्या फोटोतला एक जण अजून आहे, त्यालाही ऐकवून या. बाकीचे सगळे गेले होते, गायकसुद्धा. हा एकटा देवळ्याला लेकीकडं राहतो. मी म्हटलं, मला दुसरे उद्योग नाहीत का. पण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. त्या माणसानं दादाचं कौतुक केलेलं मला ऐकायचं होतं. उशाशी वाजणारं गाणं माझ्या मोबाइलवर भरून घेतलं आणि सकाळच्या एसटीनं गेले.

तो कांद्याच्या चाळीच्या सावलीत खाटेवर बसला होता. मला ओळखलं, लेकीला चहा टाकायला सांगितला. मी मोबाइल त्याच्या कानाशी धरला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा फुलला. "गायक कुठं गेला?" मी सांगितलं कसं झालं ते. तो हसला. "बरं झालं. लय खाल्लं त्यानं आम्हाला."

मी म्हटलं, "हा शेवटचं अक्षर वर उचलतो, तो दादा ना? वहिनींनी लगेच ओळखला."

त्यानं मोबाइल परत कानाला लावला. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तो मी हाय."

मी म्हटलं, नीट ऐका. त्यानं ऐकलं नाही. त्यानं ती ओळ तिथल्या तिथं म्हणून दाखवली. दात नव्हते, दम नव्हता, पण शेवटचं अक्षर तसंच वर गेलं आणि तसंच सुटलं. चाळीतल्या बाया कांदे निवडायच्या थांबल्या.

"मग दादा कुठला ह्यातला?"

"नाय तो ह्यात." त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. "त्याचा आवाज मैदानाचा होता बाई. स्टुडिओत आम्हा सगळ्यांवर चढायचा. रेकॉर्डिंगवाला म्हणला, तुम्ही मागं भिंतीपाशी उभे राहा आणि टाळी द्या. दिवसभर टाळी दिली त्यानं. एक शब्द बोलला नाय."

"फोटोत आहे की तो."

"फोटोला आवाज कुठं लागतो?" तो म्हणाला. "घरी सांगू नको म्हणला होता. मी आजवर नाय सांगितलं. आज तूच विचारलंस."

मला त्याच्यावर संतापायचं होतं, पण त्याचा काय दोष. दादावर संतापायचं होतं. पाहुण्यांसमोर दर वेळी "ह्यात मागं मीच आहे" म्हणताना दादाला कसं वाटत असेल? खोटं तरी कुठं बोलला तो. मागं होताच. लेकीनं चहा आणला तो मी पिऊन टाकला. निघताना म्हाताऱ्यानं पिशवीभर कांदे दिले आणि नको म्हटलं तरी रस्त्यापर्यंत सोडायला आला.

घरी आल्यावर आधी पुढच्या खोलीत बसून मी हेडफोन लावला आणि टाळी शोधली. टाळी तरी मिळावी. डब्यासारख्या दोन्ही बाजू एकत्र करून सुलटं ऐकलं, उलटं ऐकलं. उलट्यात टाळी नाहीच, ढोलकीबरोबर तीही खाल्ली गेलेली. सुलट्यात आहे म्हणावं तर ती बरोब्बर ढोलकीच्या थापेवर पडते. कुठली थाप आणि कुठली टाळी, मला सांगता येईना. तालाला पक्का होता माझा भाऊ.

मागच्या खोलीतून वहिनी विचारत होत्या, "काय म्हणले ताई? वळखला का आवाज?"

मला खोटं बोलायला जमलं असतं तर बरं झालं असतं. मी जाऊन सगळं सांगितलं. भिंत, टाळी, सगळं.  मला वाटलं, वहिनी आता मोडतील. त्या म्हणाल्या, "त्याला काय कळतंय. म्हातारा झाला. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडं आपलाच आवाज येतो."

"वहिनी, त्यानं म्हणून दाखवलं."

"नवरा माझा होता का त्याचा?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, आवाज आठवत नाही? मग ओळखला कसा?"

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी पण हट्टाला पेटलेले. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. पुढं जाऊन ती एक टिचकी मारली आणि गाणं सोडलं. गायक आला, ढोलकी आली, खोली भरून गेली. आणि कोरस जिथं असतो तिथं, मागं, एकमेकांत मिसळून गेला. वहिनी उठून बसायला धडपडल्या. खुबा धरून विव्हळल्या.

"ह्यांना कुठं घालवलं? ताई, ह्यांना कुठं घालवलं तुम्ही?"

त्यांना मी एवढं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दादा गेला तेव्हासुद्धा नाही. मी त्यांना आडवं केलं, पाणी पाजलं आणि पुढं येऊन सुलटं केलेलं परत उलटं केलं. माझ्या हातानं, कळून सवरून. उशाशी पेटी वाजली, मग ती खरखर, मग तो शेवटचं अक्षर वर उचलणारा आवाज. वहिनींचं बोट हललं. त्या निजल्या.

तेव्हापासून आम्ही त्यावर बोललेलो नाही. डबा वाजतो. मधे त्याची एक तार सुटली, मी जोडून दिली. वहिनींची तब्येत उतरत चाललीये, डॉक्टर काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. गाणं लागलं की त्या म्हणतात, "ऐका, आले," आणि मी पोळ्या लाटता लाटता "हं" म्हणते.

मला वाटलं होतं, खरं काय ते निदान मला तरी माहीत आहे, आणि त्यांच्यासाठी तेवढं मी सांभाळीन. पण भिंतीपलीकडून दिवसरात्र तोच एक आवाज. परवा दारात कुणाची तरी सायकल टेकली आणि मला सवयीनं वाटलं, आता दादा म्हणेल, पाणी दे गं. आणि म्हणाला तो, माझ्या डोक्यात. पण "गं" वर उचलून, मग सोडला. मी लाटणं खाली ठेवलं आणि परत म्हणायला लावलं. परत तसंच. भावाच्या तोंडून तो देवळ्याचा म्हातारा बोलत होता. मी किती वेळ बसून प्रयत्न केला, पोळी तव्यावर जळून गेली. माझ्याकडं होता तो आवाजही गेला, आणि आता तो कुठून आणायचा ते मला माहीत नाही.